साउंडचेक नसलेले शो: बँडचा फेस्टिव्हल दौरा, पहिल्या ऑफरपासून शेवटच्या पेमेंटपर्यंत

क्लबमध्ये वाजवून तयार झालेल्या बँडला फेस्टिव्हल जड जातं ते साउंडचेक नसल्यामुळे. गर्दीची सवय दोन शोमध्ये होते. दुपारी पोहोचायचं, निवांत वाद्यं लावायची, तासभर आवाज जुळवायचा आणि रात्री वाजवायचं, हा क्लबचा शिरस्ता फेस्टिव्हलमध्ये चालत नाही. आधीचा बँड उतरल्यापासून वीस मिनिटं मिळतात, मोठ्या स्टेजवर तीस. तेवढ्यात सगळं चढवून, जोडून, तपासून तयार राहायचं. आमचा परदेशातला उन्हाळी दौरा नुकताच आटोपला आणि कागदपत्रांची फाइल अजून हाताशी आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहोत. त्या वीस मिनिटांची तयारी कित्येक महिने आधी, फॉर्म भरतानाच सुरू होते. पहिल्यांदा निघणाऱ्या बँडला हेच कोणी सांगत नाही.

ऑफर आणि करार

उन्हाळी फेस्टिव्हलांचं बुकिंग सहा ते नऊ महिने आधी होतं, मोठ्यांचं त्याहूनही आधी. ऑफर एखाद्या पानाची असते: तारीख, स्टेज, वाजवायचा वेळ, मानधन, राहण्याची आणि स्थानिक वाहतुकीची सोय. क्लबमध्ये ठरावीक रक्कम किंवा तिकीटविक्रीतला वाटा, यांतलं जे जास्त ते, असा व्यवहार होतो. फेस्टिव्हलमध्ये बहुधा ठरावीक रक्कमच असते. तिच्यातली निम्मी आगाऊ मागायची आणि उरलेली कधी मिळणार हे करारात तारखेसह लिहून घ्यायचं. ‘शो झाल्यावर’ या शब्दांचा अर्थ त्याच रात्री असाही होतो आणि दोन महिन्यांनी असाही.

होकार देण्याआधी खर्चाचा तक्ता मांडायचा. एजंटचं कमिशन १० ते १५ टक्के, मॅनेजरचं १५ ते २० टक्के, आणि एजंटचा वाटा खर्च वजा होण्याआधीच्या रकमेवर निघतो. मग व्हिसा, विमानाचं जादा सामान, कस्टम्सच्या कागदांची फी, व्हॅन, साउंड इंजिनियरचा रोज आणि मोकळ्या दिवसांचा मुक्काम. हे मोकळे दिवसच दौरा तोट्यात नेतात. दोन फेस्टिव्हलांच्या मधल्या मंगळवारी-बुधवारी एखादा क्लब शो लावता आला तर मानधन थोडं असलं तरी मुक्कामाचा खर्च निघतो. फक्त त्याआधी करारातला रेडियस क्लॉज वाचायचा. फेस्टिव्हलच्या आधी-नंतर ठरावीक दिवस, ठरावीक अंतराच्या आत दुसरा शो करायचा नाही, अशी ती अट असते. एजंटला सांगून ती बऱ्याचदा सैल करून घेता येते, पण सही करण्याआधीच.

आणखी दोन कलमं नीट बघायची. एक पावसाचं. बँड वाजवायला हजर आणि तयार असताना हवामानामुळे शो रद्द झाला तर पैसे मिळतील की नाही, हे स्पष्ट शब्दांत हवं. दुसरं कराचं. कलाकाराच्या कमाईवर ज्या देशात कार्यक्रम झाला तो देश कर लावू शकतो. बहुतेक द्विपक्षीय करकरारांमध्ये कलाकारांसाठी तसं वेगळं कलम असतं. म्हणून मानधनातून बहुधा कर कापूनच पैसे येतात. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी आयोजकाची आहे, हे करारात घालून घ्यायचं. ते नसेल तर त्याच कमाईवर मायदेशात पुन्हा कर भरायची पाळी येते.

व्हिसा, कार्ने आणि लाकूड

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या देशांच्या एका गटाचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. वसंत ऋतू उजाडला की अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून करार हातात आल्याबरोबर तारीख पकडायची. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो. बँडमधलं कोणी आधी सुट्टीला जाऊन आलं असेल तर त्याचे दिवस कमी उरतात. व्हिसा मिळाला म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असंही नाही. कलाकारांना थोड्या दिवसांसाठी वर्क परमिट लागतं की नाही, हे त्या गटातला प्रत्येक देश आपापलं ठरवतो. आयोजकाकडून निमंत्रणपत्रात कार्यक्रमाची तारीख, जागा, मानधन आणि सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत त्याच स्पेलिंगने मागून घ्यायची. स्टेजवरचं नाव तिथे चालत नाही.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथे पहिला अर्ज बँड करत नाही, अमेरिकेतला प्रायोजक बँडच्या वतीने करतो. पी-१ या व्हिसाच्या वर्गातल्या बँडसाठी ७५ टक्के सदस्य किमान वर्षभर त्या बँडमध्ये असावे लागतात. दौऱ्याच्या तोंडावर नवा ड्रमर घेतला की हे प्रमाण पुन्हा मोजायचं. पासपोर्ट दूतावासात पडलेले आणि तिकिटं काढलेली, हे दिवस मनावर सगळ्यात जास्त ताण आणतात. त्यावर उपाय नाही. वाट बघताना पुढचा कागद हातात घ्यायचा, एवढंच जमतं.

पुढचा कागद म्हणजे एटीए कार्ने. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली ही व्यवस्था आहे. वाद्यं आणि उपकरणं तात्पुरती परदेशात नेऊन परत आणायची असतील तर प्रत्येक सीमेवर आयातशुल्क भरावं लागू नये, यासाठी ती असते. कार्ने मान्यताप्राप्त वाणिज्य संघटनेकडून मिळतो, जास्तीत जास्त वर्षभर चालतो आणि त्यासाठी अनामत किंवा हमी द्यावी लागते. यादीत प्रत्येक वस्तूचं वर्णन, सीरियल नंबर, वजन, किंमत आणि ती कुठे बनली ते लिहायचं. ‘इलेक्ट्रिक गिटार, काळी’ एवढ्यावर भागत नाही. नंबर जुळवून बघतात. गिटारच्या ज्या इफेक्ट पेडलवर नंबर नसेल त्यावर आपला कोरून किंवा पक्क्या लेबलने लावायचा आणि तोच यादीत घालायचा. यादी केसनुसार लावली तर फार सोपं जातं. केस क्रमांक तीन उघडायला सांगितली की त्यातल्या वस्तू यादीत सलग सापडल्या पाहिजेत.

कार्नेमधली पिवळी पानं आपल्या देशातून निघताना आणि परतताना लागतात, पांढरी दुसऱ्या देशात शिरताना आणि बाहेर पडताना, निळी नुसतं ओलांडून जाताना. प्रत्येक वेळी शिक्का हवा. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर वस्तू तिथेच विकल्या असं धरलं जातं आणि शुल्काची मागणी काही महिन्यांनी घरी येते. विमानतळावर कस्टम्सकडे सामान चेक-इन करण्याच्या आधी जायचं, कारण अधिकाऱ्याला वस्तू बघायच्या असू शकतात. बेल्टवरून गेलेली केस परत मागवता येत नाही. हे ऑफिस पुष्कळदा वेगळ्या टर्मिनलला असतं आणि पहाटे बंद असतं, म्हणून नेहमीपेक्षा दोन तास आधी निघायचं. तारा, ड्रमचे हेड, काठ्या, टेप यांसारख्या संपणाऱ्या वस्तू कार्नेत घालायच्या नाहीत. विकायचे टी-शर्ट आणि रेकॉर्डही नाहीत. त्यांचं वेगळं बिल आणि वेगळी घोषणा लागते.

गिटार कोणत्या लाकडाची आहे याचाही विचार करावा लागतो. २०१७ च्या जानेवारीपासून रोझवूडच्या जवळजवळ सगळ्या जातींवर साइट्सचे (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्बंध आले होते. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरअखेर त्यांतून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट लागू नाही. जुन्या गिटारचा फिंगरबोर्ड त्या लाकडाचा असेल, किंवा नटला (तारा टेकतात ती मानेच्या टोकाची पट्टी) हस्तिदंत असेल, तर परवाना तरी काढायचा नाहीतर ती गिटार घरी ठेवायची. आमच्या मते घरीच ठेवावी.

अ‍ॅडव्हान्स: वीस मिनिटं इथे वाचतात

शोच्या सहा ते आठ आठवडे आधी फेस्टिव्हलचा प्रॉडक्शन विभाग अ‍ॅडव्हान्सचा फॉर्म, म्हणजे आधी कळवायच्या तांत्रिक माहितीचा तक्ता, पाठवतो. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: स्टेज प्लॉट (स्टेजवर कोण कुठे याचा नकाशा), इनपुट लिस्ट (कोणता आवाज कोणत्या चॅनेलवर याची यादी) आणि टेक राइडर (लागणाऱ्या उपकरणांची यादी). तिन्ही मिळून दोन-तीन पानं, एकाच पीडीएफमध्ये, वर तारीख आणि आवृत्ती लिहून. जुनी आवृत्ती कोणाच्या तरी फोनमध्ये राहते आणि त्या दिवशी त्याच यादीनुसार माइक लावलेले असतात, हा अनुभव प्रत्येक बँडला कधी ना कधी येतो. म्हणून शोच्या चार दिवस आधी नवी प्रत पुन्हा पाठवून ‘हीच वापरा’ असं स्पष्ट लिहायचं.

पाच जणांच्या बँडची आमची लिस्ट २४ चॅनेलांत बसते. किक आत आणि बाहेर, स्नेअर वर आणि खाली, हाय-हॅट, तीन टॉम, दोन ओव्हरहेड, अशी ड्रमची दहा. अकरावर बेसचा डीआय (वाद्य माइकशिवाय थेट मिक्सरला जोडणारी छोटी पेटी), बारावर बेस अ‍ॅम्पचा माइक, तेरा-चौदावर गिटार, पंधरा-सोळावर कीबोर्ड डावा-उजवा, सतरा-अठरावर बॅकिंग ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेलं संगीत), एकोणीसवर क्लिक (ताल धरायला कानात वाजणारी टिकटिक), विसावर सॅम्पल पॅड. एकवीस ते तेवीस गळे, आणि चोविसावर एक जास्तीचा गाण्याचा माइक, जोडून चालू ठेवलेला. तो शेवटचा चॅनेल मागायला संकोचायचं नाही. मुख्य माइक मधेच गेला तर गायिकेने फक्त हात पुढे करायचा असतो. क्लिकसमोर ठळक लिहायचं: फक्त कानात, पीएमध्ये (प्रेक्षकांच्या स्पीकरमध्ये) नाही.

बॅकलाइनमध्ये, म्हणजे स्टेजवर मिळणाऱ्या भाड्याच्या वाद्यांत, फेस्टिव्हल ड्रमची खोडं, स्टँड आणि अ‍ॅम्प देतं. ड्रमरने स्नेअर, झांजा, किकचा पेडल आणि बसायचं स्टूल आपलं न्यायचं. शिवाय एका डबीत हाय-हॅटचा क्लच, झांजांखालचे फेल्ट, विंगनट आणि ड्रमची किल्ली. भाड्याच्या स्टँडवर क्लच नसतोच असं धरून चालायचं. त्याच्यावाचून हाय-हॅट लागत नाही आणि दोन बँडांमधल्या चेंजओव्हरची चार मिनिटं त्या बोटभर तुकड्याच्या शोधात जातात.

वीजपुरवठाही याच वेळी विचारायचा. बऱ्याच जगात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० आणि ६०, जपानमध्ये १०० व्होल्ट, त्यातही पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्याला फक्त प्लग बदलावा लागतो. ट्यूब अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर मात्र एकाच व्होल्टेजचा असू शकतो, आणि पेडलबोर्डचा पॉवर सप्लायसुद्धा. खालचं लेबल वाचून प्रत्येक वस्तूपुढे टिक करायची. जुना टोनव्हील ऑर्गन नेणाऱ्यांनी आणखी सावध राहायचं: त्याची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, त्यामुळे ५० ऐवजी ६० मिळाले की सगळे सूर वर चढतात.

वायरलेसची यादी वेगळी जाते. किती माइक, किती इन-इअर (वाजवताना आवाज ऐकायला कानात घालायची यंत्रं), कोणतं मॉडेल, कोणती रेंज, हे फेस्टिव्हलच्या फ्रिक्वेन्सी सांभाळणाऱ्या माणसाला आधी कळवायचं. तो प्रत्येक बँडला चॅनेल वाटून देतो. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झचा बराचसा पट्टा मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि १३ जुलै २०२० नंतर तिथे वायरलेस माइक चालवता येत नाहीत. स्वस्तातले २.४ गिगाहर्ट्झचे गिटार वायरलेस तालमीत सुरेख चालतात आणि मैदान भरलं की तुटायला लागतात, कारण वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतात. फेस्टिव्हलला सहा मीटरची केबल न्यायची. दिसायला साधी, पण तुटत नाही.

प्रवास

विमानात साधारण २३ किलोची बॅग चालते, जादा पैसे भरून ३२ किलोपर्यंत. त्यापुढचं सामान बहुतेक विमान कंपन्या बॅगेज म्हणून घेत नाहीत. रिकामी फ्लाइट केसच आठ-दहा किलोंची असते, हे धरून वाटणी करायची. घरी वजनकाट्यावर प्रत्येक केस तोलून आकडा झाकणाच्या आतून लिहायचा. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच: १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही, १०० ते १६० असतील तर विमान कंपनीची परवानगी आणि माणशी दोनच. हातातल्या बॅगेत आणखी ठेवायचं ते म्हणजे इन-इअर, ट्रॅकचा लॅपटॉप, स्नेअर शक्य असल्यास, आणि कार्ने. सामान उशिरा आलं तरी भाड्याच्या वाद्यांवर शो होऊ शकतो. ट्रॅक आणि इन-इअर भाड्याने मिळत नाहीत. गिटार बेल्टवर शोधत बसायचं नाही, ती मोठ्या आकाराच्या सामानाच्या वेगळ्या दारातून येते.

जमिनीवरचा प्रवास ठरवताना ड्रायव्हरचे तास मोजायचे. युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसाला साधारण नऊच तास चालवता येतं. रात्री बारा वाजता स्टेजवरून उतरून ९०० किलोमीटरवर सकाळी लोड-इन (सामान उतरवून आत नेणं), असं वेळापत्रक कागदावर बसतं, रस्त्यावर बसत नाही. स्वतः व्हॅन चालवणाऱ्या बँडला हा कायदा बऱ्याचदा लागू नसला तरी तोच आकडा पाळलेला बरा. झोपायच्या बसमध्ये पाय ड्रायव्हरच्या दिशेला करून झोपतात, म्हणजे जोरात ब्रेक लागला तर डोकं आपटत नाही. गळ्यासाठी बसमधली एसीची कोरडी हवा घातक असते: पाण्याची बाटली बर्थमध्ये हवी आणि तोंडावर येणारा झोत बंद.

फेस्टिव्हलचा दिवस

पोहोचल्यावर आधी पासांची खिडकी. गाडीचा पास, मनगटाचे पट्टे, स्टेजवर जायचे वेगळे पास. रांग तासाभराची असू शकते, म्हणून एकाने सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन पुढे जायचं. मग स्टेज मॅनेजरला भेटायचं आणि तीन प्रश्न विचारायचे: वेळापत्रक मागे चाललंय का, राइजर (वाद्यं ठेवायचे चौथरे) कोणत्या बाजूने चढणार, आणि आवाजाची मर्यादा किती. त्यानंतर वाट बघणं. तीन-चार तास, आणि दुसऱ्यांच्या ढणढणाटात. ८५ डेसिबलमध्ये आठ तास हे कानांसाठी सुरक्षित धरलं जातं आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० वर पंधराच मिनिटं उरतात. स्टेजच्या बाजूला उभं राहून आवडत्या बँडचा पूर्ण सेट ऐकायचा मोह सगळ्यांना होतो. कानात प्लग घालून ऐकावा, म्हणजे आपल्या सेटला कान ताजे राहतात.

आपल्या आधीचा बँड वाजवत असतो तेव्हाच आपलं काम सुरू होतं. मागच्या अंगाला चाकांवरचे राइजर असतात, बहुतेक आठ बाय आठ फुटांचे. एकावर ड्रम, एकावर कीबोर्ड. तिथेच माइक लावून त्यांच्या केबली राइजरवरच्या छोट्या स्टेज बॉक्समध्ये जोडून ठेवायच्या, म्हणजे पुढे गेल्यावर एकच जाड केबल जोडायची राहते. ड्रमच्या स्टँडच्या उंचीवर टेपच्या खुणा असल्या की पाच मिनिटांत सेट उभा राहतो. गिटार केसमधून आत्ताच बाहेर काढायच्या. एसीच्या खोलीतून थेट उन्हात आणलेली गिटार पहिल्या गाण्यातच सूर सोडते. तारांना बाहेरच्या हवेची सवय व्हायला अर्धा तास तरी द्यायचा.

आधीचा बँड थांबला. पहिली तीन-चार मिनिटं त्यांची असतात, त्यांचं सामान निघेपर्यंत पाय ठेवायचा नाही. मग राइजर पुढे येतात, चाकांना ब्रेक लागतात. सगळ्यात आधी वीज: प्रत्येकाने आपल्या जागी वीज आली का ते बघायचं आणि हात वर करायचा. मग जाड केबली, डीआय, गाण्याचे माइक. सातव्या मिनिटाच्या आसपास लाइनचेक, म्हणजे एकेका चॅनेलची तपासणी, सुरू होतो. मॉनिटर इंजिनियर (स्टेजवरच्यांना ऐकू येणारा आवाज सांभाळणारा) यादीच्या क्रमाने हाक मारतो. ‘किक’ म्हटलं की फक्त किक, एकसारखे ठोके, ‘पुढचं’ म्हणेपर्यंत. मधेच ग्रूव्ह वाजवला की ड्रमच्या दहाही माइकांतून सगळंच आत येतं आणि इंजिनियरला कोणता चॅनेल बघतोय ते कळत नाही. कीबोर्डवर सगळ्यात मोठ्या आवाजाचा पॅच वाजवायचा, बेसने सगळ्यात जोरकस ओळ. गायिकेने ‘हॅलो, चेक’ न म्हणता गाण्यातली सगळ्यात मोठ्याने गायची ओळ म्हणायची, कारण त्या पातळीलाच गेन (मिक्सरमध्ये येणारा आवाज किती वाढवायचा ते) लागायला हवा. बाकीच्यांनी या वेळात गप्प राहायचं. मनातली भीती बोटांतून बाहेर पडू बघते आणि हात आपोआप रिफ वाजवायला लागतो. तो आवरायला तालमीतच शिकायचं. तालमीत घड्याळ लावून अख्खा लाइनचेक करून बघणं, हा आमच्या तयारीतला सगळ्यात उपयोगी भाग.

एखाद्या चॅनेलला आवाज येत नसेल तर एकानेच तिकडे बघायचं, बाकी यादी पुढे सरकू द्यायची. डीआयमधून निघून स्टेज बॉक्समध्ये जाणारी केबल काढून तिथे चालू असलेला माइक जोडायचा. माइकचा आवाज आला तर बिघाड वाद्याकडच्या बाजूला आहे, नाही आला तर स्टेज बॉक्सच्या पुढे. अर्ध्या मिनिटात निम्मा शोध संपतो. वाद्याकडे असेल तर आधी छोटी केबल बदलायची, मग पेडलबोर्ड बाजूला ठेवून गिटार थेट जोडायची. अ‍ॅक्टिव्ह डीआयला बॅटरी नसेल तर ४८ व्होल्टचा फॅन्टम (मिक्सरमधून केबलीतूनच येणारी वीज) लागतो, आणि तो देणारा मिक्सर एकच असावा. आम्ही इन-इअरसाठी आपला रॅक मिक्सर आणि स्प्लिटर (एकच आवाज दोन मिक्सरांना वाटणारी पेटी) नेतो. त्यामुळे कानातला मिक्स रोज तोच राहतो, अनोळखी इंजिनियरला फक्त बाहेरचा आवाज बघायचा असतो. पण स्प्लिटर ट्रान्सफॉर्मरचा असेल तर एका बाजूचा फॅन्टम पलीकडे जात नाही, म्हणून कोण देणार हे इनपुट लिस्टमध्येच लिहिलेलं असतं.

घुमणारा ‘हं’ असा आवाज आला तर तो बहुधा ग्राउंड लूप (उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली जाणं) असतो. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबून बघायचा, लॅपटॉपचा चार्जर काढून बघायचा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची नाही. गिटार हातात असताना माइकला ओठ लागून झटका बसला, तर दोन वेगळ्या अर्थिंगमध्ये माणूस अडकलाय असा त्याचा अर्थ. तिथेच थांबून फेस्टिव्हलच्या इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, वेळ गेला तरी चालेल.

शेवटच्या चार मिनिटांत कानातला आवाज बघायला एका गाण्याचं एक कडवं. नंतर सगळ्यांनी खाली उतरायचं, गिटार पुन्हा जुळवायच्या, सेटलिस्ट टेपने चारी कडांनी चिकटवायची. वारा ती पहिल्या गाण्यातच नेतो. भर उन्हात पेडल ट्यूनरचे दिवे दिसत नाहीत, म्हणून गिटारच्या शेंड्यावरचा क्लिप ट्यूनर जवळ हवा. लॅपटॉप आणि टॅब्लेटही उन्हात तापून बंद पडतात. त्यांच्यावर पांढरं कापड टाकायचं, काळं नाही. कानात गळा स्पष्ट आला, क्लिक आली, की पोटातला गोळा एकदम सैल होतो. त्या क्षणासाठी एवढी यादी.

सेट ४५ मिनिटांचा असेल तर ४० मिनिटांचं संगीत बसवायचं. आधीच्यांमुळे उशीर झाला तरी संपायची वेळ सहसा बदलत नाही, म्हणून कोणतं गाणं गाळायचं ते सेटलिस्टवर आधीच खूण करून ठेवायचं. वेळ उलटली की आवाज बंद करतात किंवा दंड लावतात. आवाजाच्या मर्यादेचंही असंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रेक्षकांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली, आणि अनेक ठिकाणी स्थानिक मर्यादा याहून कमी असते. गिटारचा अ‍ॅम्प स्टेजवर मोठा ठेवला की छोट्या स्टेजवर त्याच मर्यादेतला मोठा वाटा तो खातो आणि गळा वर काढायला जागा उरत नाही. अ‍ॅम्प तिरका करून आपल्या कानाकडे वळवायचा आणि आवाज निम्मा करायचा.

वाऱ्याबद्दल स्टेज मॅनेजरशी वाद घालायचा नाही. १३ ऑगस्ट २०११ ला इंडियाना स्टेट फेअरमध्ये वादळी झोताने स्टेजचा सांगाडा कोसळून सात जण गेले, आणि पाचच दिवसांनी बेल्जियमच्या पुक्केलपॉप फेस्टिव्हलमध्ये वादळात पाच जण गेले. ‘थांबा’ म्हटलं की वाद्यं जागेवर ठेवून लगेच उतरायचं. पेडलबोर्डवर टाकायला जाड पारदर्शक प्लॅस्टिक त्याच जागी गुंडाळून ठेवलेलं असावं.

उतरल्यावर

सेट संपला की आनंद साजरा करायला विंगेत थांबायचं नाही, पुढच्या बँडचीही वीस मिनिटं सुरू झालेली असतात. सगळं आहे तसं बाजूला ढकलायचं, आवराआवर तिथे करायची. केसांवर क्रमांक असले की मोजणी सोपी. निघण्याआधी ज्याने सामान भरलं नाही अशा एकाने टॉर्च घेऊन स्टेजची बाजू आणि ड्रेसिंग रूम पुन्हा बघायची. चार्जर आणि इन-इअरची डबी हमखास तिथेच राहते. पावसात भिजलेल्या केबली त्याच रात्री केसमध्ये बंद करायच्या नाहीत, कापडाने पुसून मोकळ्या टाकायच्या. झांजांवरचा घाम पुसायचा.

टी-शर्टचा हिशेब सकाळी किती दिले आणि रात्री किती उरले या दोन आकड्यांवर होतो. मोजताना फेस्टिव्हलचा माणूस आणि आपला माणूस दोघंही हजर हवेत. त्यांचं कमिशन २०-२५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून टक्केवारी अ‍ॅडव्हान्सच्या वेळीच विचारून विक्रीची किंमत ठरवायची.

परतताना कार्नेच्या सगळ्या पानांवर शिक्के आहेत का ते शेवटच्या विमानतळावर बघायचं, आणि घरी आल्यावर मूळ कार्ने संघटनेकडे जमा करायचा. अनामत त्यानंतरच सुटते. उरलेलं मानधन आणि कराचं प्रमाणपत्र यांसाठी आठवणीचे ई-मेल पाठवत राहावं लागतं. प्रमाणपत्राला काही महिने लागणं सामान्य आहे, पण आपलं विवरणपत्र भरायच्या तारखेआधी ते यायला हवं.

राहिली रॉयल्टी. स्वतः रचलेली गाणी वाजवली असतील तर प्रत्येक शोची सेटलिस्ट, तारीख, जागा आणि आयोजकाचं नाव आपल्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला कळवायचं. फेस्टिव्हलने परवान्याचे पैसे तिथल्या संस्थेकडे भरलेले असतात, पण कोणी काय वाजवलं हे कळवलं नाही तर आपला वाटा आपल्यापर्यंत येत नाही. ऐन वेळी गाळलेलं गाणं यादीतून काढायचं, त्याऐवजी वाजवलेलं घालायचं. आम्ही हे शोच्या रात्रीच व्हॅनमध्ये बसून भरतो, कारण प्रत्येक संस्थेची मुदत वेगळी असते आणि परदेशातून पैसे फिरून यायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं.